पुलोद सरकार आणि पारनेरचा दुष्काळ

महाराष्ट्रात डाव्यांना सत्तेत ठळक वाटा मिळाला तो पुरोगामी लोकशाही दलाच्या, म्हणजे पुलोदच्या सरकारात. 18 जुलै 1978 रोजी 37 वर्षांचे शरद पवार मुख्यमंत्री झाले. मंत्रिमंडळात शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील सहकारमंत्री होते, गणपतराव देशमुखही मंत्री होते. समाजवादी होते, तसेच जनसंघातून जनता पक्षात आलेले उत्तमराव पाटील आणि हशू अडवाणीही. त्यामुळे या सरकारला निखळ डावे म्हणता येत नाही. तरी पहिल्याच पंधरवड्यात, 27 जुलैला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, आणि नामविस्तारासाठी 1994 उजाडावे लागले.

पारनेरसारख्या अवर्षणप्रवण तालुक्याच्या दृष्टीने मला मोठी वाटते ती दुसरी तारीख: 26 जानेवारी 1979. रोजगार हमी कायदा त्या दिवशी अमलात आला. योजना वि. स. पागे यांची, कायदा आधीच्या सरकारच्या काळात मंजूर झालेला. अंमल मात्र पुलोदच्या काळात सुरू झाला. काम मागणाऱ्याला ते देणे सरकारवर बंधनकारक झाले आणि शहरांतल्या व्यवसाय करातून त्याला पैसा मिळाला. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशा कामांवर स्त्रियाही मोठ्या संख्येने राबल्या. मजुरी तुटपुंजी होती, पण ती हक्काची होती.

17 फेब्रुवारी 1980 रोजी केंद्राने हे सरकार बरखास्त केले.