उतरत्या काळातील गोलंदाज आणि संघाची फेरनिवड : शार्दूल ठाकूर यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

एकेकाळी सामने जिंकून देणाऱ्या गोलंदाजाची कामगिरी घसरू लागली की त्याला संघात ठेवावे की मुक्त करावे, हा प्रश्न व्यावसायिक क्रीडाक्षेत्रात वारंवार उपस्थित होतो. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये तो कराराच्या नूतनीकरणाच्या रूपाने येतो, तर भारतीय क्रिकेटमध्ये लिलावाच्या रूपाने. पालघरचे शार्दूल ठाकूर यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यसनीय आहे. एकाच खेळाडूचे मूल्य अल्पावधीत कसे बदलत गेले आणि त्या बदलामागे कोणते तर्क होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

१६ ऑक्टोबर १९९१ रोजी जन्मलेले ठाकूर बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराकडून शालेय क्रिकेट खेळले. पुढे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्यांना बोरिवलीच्या शाळेत आणले. पालघर ते मुंबई हा रेल्वेप्रवास त्यांच्या जडणघडणीचा भाग होता. २०२१ मध्ये ब्रिस्बेन कसोटीत ७ बळी व पहिल्या डावात ६७ धावा, तर २०२२ मध्ये जोहान्सबर्ग येथे एका डावात ६१ धावांत ७ बळी, ही त्यांच्या कारकिर्दीची शिखरे होत. २०२१ च्या आयपीएलमध्ये विजेत्या चेन्नई सुपर किंग्जसाठी त्यांनी २१ बळी मिळविले.

मूल्याचा चढउतार

या यशानंतर २०२२ च्या लिलावात दिल्ली कॅपिटल्सने त्यांना १०.७५ कोटी रुपयांना घेतले. त्या वेळी प्रत्येक संघाची खर्चमर्यादा ९० कोटी होती. म्हणजेच जवळजवळ १२ टक्के रक्कम एका खेळाडूवर खर्च झाली. त्या हंगामात त्यांनी १५ बळी घेतले, परंतु षटकामागे सुमारे ९.८ धावा दिल्या. पुढे ते कोलकाता नाईट रायडर्सकडे गेले. २०२३ मध्ये बंगळूरविरुद्ध २९ चेंडूंत ६८ धावांची खेळी गाजली, मात्र गोलंदाज म्हणून हंगामात केवळ ७ बळी हाती आले. कोलकात्याने त्यांना मुक्त केले.

डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईने आपल्या जुन्या गोलंदाजाला ४ कोटींना परत घेतले. फेरनिवडीचे हे नेमके उदाहरण होय. २०२४ च्या हंगामात त्यांना ९ सामन्यांत ५ बळी मिळाले. जूनमध्ये पायावर शस्त्रक्रिया झाली आणि नोव्हेंबर २०२४ च्या जेद्दा येथील लिलावात २ कोटींच्या मूळ किमतीलाही कोणी बोली लावली नाही.

विवेचन

या घसरणीची कारणे केवळ वयात शोधणे अपुरे ठरेल. ठाकूर यांची शैली फलंदाजाला फटका मारण्यास प्रवृत्त करून बळी मिळविण्याची आहे. त्यामुळे बळी आणि धावा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाढतात. बळी मिळेनासे झाले की उरतो तो केवळ धावांचा बोजा. शिवाय २०२३ पासून लागू झालेल्या 'इम्पॅक्ट प्लेयर' नियमामुळे संघाला जादा तज्ज्ञ फलंदाज किंवा गोलंदाज उतरविता येतो. परिणामी दोन्ही बाजूंनी थोडे थोडे योगदान देणाऱ्या अष्टपैलू खेळाडूची गरज कमी झाली. खेळाडू तोच राहिला, तरी बाजारातील त्याची गरज बदलली.

तथापि न विकला जाणे म्हणजे संपणे नव्हे. २०२४-२५ च्या रणजी हंगामात ठाकूर यांनी मुंबईसाठी ३५ बळी व ५०५ धावा केल्या. मार्च २०२५ मध्ये जखमी मोहसीन खानच्या जागी लखनौ सुपर जायंट्सने त्यांना २ कोटींना घेतले, तेव्हा हैदराबादविरुद्ध त्यांनी ३४ धावांत ४ बळी टिपले. हंगामात १० सामन्यांत १३ बळी मिळाले, पण षटकामागील धावा ११ च्या आसपास राहिल्या. १२० कोटींच्या मर्यादेत २ कोटी म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. दिल्लीच्या गुंतवणुकीशी तुलना करता जवळपास तितकेच बळी अत्यल्प मोबदल्यात मिळाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबई इंडियन्सनेही त्यांना २ कोटींनाच आपल्याकडे घेतले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की 'ठेवावे की सोडावे' हा प्रश्न मुळात अपुरा आहे. 'कोणत्या किमतीला आणि कोणत्या कामासाठी' हा खरा प्रश्न होय. गतवैभवाची किंमत मोजणारा संघ तोट्यात जातो, तर केवळ गतहंगामातील आकडे पाहणारा संघ दुखापतीतून सावरणारा उपयुक्त खेळाडू गमावतो. शरीराची सद्यस्थिती, देशांतर्गत स्पर्धांतील ताजी कामगिरी आणि संघातील नेमकी उणीव हे तीन निकष एकत्र तपासले, तर कृतज्ञता आणि व्यवहार यांचा मेळ घालणे शक्य होते. पालघर, बोईसरहून पहाटेची गाडी पकडून मैदानावर जाणाऱ्या मुलांनाही हे उमगणे आवश्यक आहे, कारण लिलावातील बोली हे खेळाडूच्या गुणवत्तेचे अंतिम माप नव्हे. ते त्या दिवशीच्या गरजेचे माप असते.