चेहऱ्यावरचे व्रण आणि लेसरचा किरण

या स्मरणिकेसाठी इतिहासावर लेख द्यावा, असे संपादक मंडळाने आम्हांस सुचविले होते. आम्ही मात्र विषय निवडला तो मुरुमांचा, त्यांच्या मागे उरणाऱ्या खड्ड्यांचा आणि त्यांवरील लेसर उपचाराचा. वाचकांना याचे नवल वाटेल. परंतु वसतिगृहात मुलांच्या सहवासात आयुष्याची पंचवीस वर्षे घालविल्यावर एक गोष्ट आमच्या ध्यानी आली आहे. नववी-दहावीची मुले ज्या दुःखाविषयी कोणाशीच बोलत नाहीत, ते पुष्कळदा आरशासमोरचे दुःख असते.

गेल्या वर्षी आमची एक माजी विद्यार्थिनी भेटावयास आली. ती अंधेरीत एका कार्यालयात नोकरी करते. बोलताना ती ओढणीने गाल झाकून घेत होती. रेल्वे स्थानकाजवळच्या एका केंद्राची ‘खड्डे कायमचे घालवा’ अशी पाटी वाचून तिने सहा बैठकांचे पैसे हप्त्याने भरले होते. दुसऱ्या बैठकीनंतर दोन्ही गालांवर काळसर चट्टे उमटले. ‘यंत्र चालविणारी व्यक्ती डॉक्टर होती काय?’ असे आम्ही विचारले. ती म्हणाली, ‘सर, हे विचारायचं सुचलंच नाही.’ शाळेत आम्ही तिला प्रश्न विचारावयास शिकविले होते, आणि नेमका हाच प्रश्न राहून गेला. हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहिला आहे.

प्रथम मुरूम म्हणजे काय, ते पाहू. आपल्या त्वचेत केसांच्या मुळाशी तैलग्रंथी असतात. मुले वयात येऊ लागली की संप्रेरकांच्या प्रभावाने या ग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात. तेल आणि मृत पेशी यांनी छिद्राचे तोंड बुजते, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जीवाणू वाढतात आणि दाह सुरू होतो. यालाच मराठीत तारुण्यपीटिका असा सुंदर शब्द आहे. मुरूम हे अस्वच्छतेचे लक्षण नव्हे, ‘अशुद्ध रक्ता’चे तर नव्हेच. ज्या समाजाला शतकानुशतके अस्वच्छ ठरवून दूर ठेवण्यात आले, त्या समाजातील शिक्षकाने हे ठामपणे सांगणे आवश्यक आहे. दिवसातून दहा वेळा साबणाने चेहरा घासणारी मुले आम्ही पाहिली आहेत. त्याने त्वचा चिडते, मुरूम जात नाहीत.

मुरूम गेल्यावर दोन प्रकारच्या खुणा उरतात आणि त्यांतील भेद जाणणे महत्त्वाचे आहे. पहिली खूण म्हणजे डाग. त्वचा सपाट असते, केवळ रंग गडद झालेला असतो. असा डाग बहुधा काही महिन्यांत आपोआप फिका होतो. त्यासाठी मोठ्या खर्चाच्या उपचाराची घाई नको. दुसरी खूण म्हणजे खड्डा. दाह त्वचेच्या खोल थरापर्यंत पोहोचला की तेथील कोलॅजन नावाचे आधारतंतू नष्ट होतात आणि जखम भरताना ते पुरेसे तयार होत नाहीत. काही खड्डे दाभणाने टोचल्यासारखे अरुंद व खोल असतात, काही उभ्या कडांचे पसरट, तर काही लाटांसारखे उंचसखल. खड्डा आपोआप भरत नाही. लेसरचे खरे काम येथे सुरू होते.

लेसरचा इतिहास आमच्या आवडीचा आहे. उद्दीपित उत्सर्जनाची कल्पना आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडली. १९६० साली थिओडोर मायमन यांनी कॅलिफोर्नियात माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर किरण निर्माण केला. थोड्याच काळात सिनसिनाटी येथील त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी त्याचा त्वचेवर अभ्यास आरंभिला. आणि १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर जन्मास आला. त्याचे जनक कुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली आपल्या बारामतीत झाला आणि त्यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली ती पुण्याच्या शासकीय महाविद्यालयातून. आज बोरिवली-मुलुंडच्या दवाखान्यांत खड्ड्यांवर जो लेसर प्रामुख्याने वापरला जातो, तो हाच. तेव्हा या यंत्राकडे पाहून दबून जाण्याचे कारण नाही. ते माणसाच्या बुद्धीने घडविले आहे आणि आपल्याही बुद्धीला समजू शकते.

या किरणाची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर असते आणि ती पाण्यात चटकन शोषली जाते. त्वचेच्या पेशींत पाणी भरपूर असल्याने किरण पडताच तेवढा सूक्ष्म भाग क्षणार्धात वाफ होऊन जातो. पूर्वी चेहऱ्याचा संपूर्ण वरचा थर असा काढीत. जखम मोठी होई आणि भरण्यास वेळ लागे. २००४ साली नवी पद्धत मांडली गेली. ती समजण्यास शेतीचे उदाहरण पुरे. सगळे रान नांगरण्याऐवजी ठरावीक अंतरावर भोके पाडून बी टोकतात, त्याप्रमाणे किरण त्वचेत अत्यंत बारीक छिद्रे पाडतो आणि मधली त्वचा अखंड ठेवतो. ती अखंड त्वचा जखम लवकर भरून काढते आणि उष्णतेच्या चेतनेने खालच्या थरात नवे कोलॅजन तयार होऊ लागते. म्हणजे खड्डा भरतो तो शरीर. किरण त्याला केवळ कामाला लावतो. हे काम सावकाश चालते. बैठका अनेक लागतात, त्यांत काही आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते आणि पूर्ण परिणाम दिसण्यास महिने जातात. खड्डे उथळ होतात, चेहरा नितळ दिसू लागतो, पण ते समूळ नाहीसे होतील असे वचन प्रामाणिक डॉक्टर देत नाही. अरुंद, खोल खड्ड्यांना बहुधा अन्य उपचारांची जोड द्यावी लागते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सावळ्या आणि काळ्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक क्रियाशील असते. उन्हापासून ते आपले रक्षण करते. परंतु त्वचेला इजा झाली की त्याच ठिकाणी ते अधिक प्रमाणात साठते आणि काळा चट्टा उमटतो. आमच्या विद्यार्थिनीच्या बाबतीत हेच घडले. त्वचेचे प्रकार मोजण्याची एक पट्टी डॉक्टर फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली तयार केली. ती मुळात गोऱ्या त्वचेसाठी होती. सावळ्या व काळ्या त्वचेचे प्रकार तिला मागाहून जोडले गेले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात आश्चर्य वाटणार नाही, मात्र त्यातून बोध घ्यावा. गोऱ्या त्वचेसाठी ठरलेली मात्रा आपल्या त्वचेवर तशीच वापरता येत नाही. ऊर्जा कमी ठेवणे, छिद्रांतील अंतर वाढविणे, उपचारानंतर उन्हापासून कसोशीने जपणे, हे सारे जाणणारा हात हवा. सूक्ष्म सुयांच्या उपचारात चट्ट्यांचा धोका तुलनेने कमी असल्याने काही वेळा डॉक्टर तोच सुचवितात.

आणखी एक क्रम लक्षात असू द्यावा. आधी मुरूम आटोक्यात आणावेत, मग खड्ड्यांकडे वळावे. नवे मुरूम येत असतील तर नवे खड्डेही पडत राहणार. १७२६ नॅनोमीटरच्या लेसरने तैलग्रंथींवरच उपचार करणाऱ्या यंत्राला अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली आहे. तरीही बहुतेक मुलांसाठी पहिला उपाय साधा आणि स्वस्त आहे, तो म्हणजे बेंझॉइल पेरॉक्साइड, ॲडापॅलीन यांसारखी लावावयाची औषधे, तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने. त्यांचा गुण दिसण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत औषध सोडून देणे ही नेहमीची चूक होय. मुरूम तीव्र असल्यास आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देतात. गर्भावस्थेत त्या गर्भाला घातक ठरतात, म्हणून त्या परस्पर कधीही घेऊ नयेत. दुकानदाराने दिलेले ‘गोरे करणारे’ मलमही लावू नये. त्यात स्टिरॉइड असल्यास त्वचा पातळ होते आणि मुरूम उलट वाढतात.

पालकांनी कोणत्याही केंद्रात पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. उपचार करणारी व्यक्ती त्वचारोगाची पदवी वा पदविका घेतलेली डॉक्टर आहे काय, आणि तिचा वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक कोणता? यंत्र ती स्वतः चालविणार आहे काय? आमच्या रंगाच्या त्वचेवर यापूर्वी उपचार केला आहे काय आणि आधी लहानशा जागी चाचणी घेणार काय? चट्टे उमटल्यास पुढे काय? या प्रश्नांनी जो रागावेल, त्याच्या दारातून परत फिरावे. कर्ज तर मुळीच काढू नये. वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या महापालिकेच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. अंधेरी-बोरिवलीकरांना विलेपार्ल्याचे कूपर आणि घाटकोपर-मुलुंडकरांना शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय जवळ पडते. रांग मोठी असते हे खरे, पण निदान तज्ज्ञाकडून होते.

आमच्या विद्यार्थिनीनेही अखेर हीच रांग धरली. औषधे आणि उन्हापासूनची काळजी यांनी आठ-दहा महिन्यांत चट्टे बरेचसे फिके झाले. खड्डे अद्याप आहेत. पुढील उपचार करावयाचा की नाही, हे ती आता सवडीने ठरविणार आहे. मध्यंतरी वसतिगृहात येऊन तिने मुलींशी तासभर संवाद साधला. ओढणी त्या दिवशी खांद्यावर होती. जाताना एका आठवीच्या मुलीने तिला विचारले, ‘ताई, डॉक्टरांना काय काय विचारायचं, ते परत एकदा सांगाल?’ तिने फळ्यावर चारही प्रश्न लिहून दिले. आम्ही ते अद्याप पुसलेले नाहीत.