ज्वारीचा स्टार्टर फुगत नाही, तरी जिवंत असतो

बरणीला रबरबँड लावायचं, पीठ-पाणी घालायचं आणि त्या खुणेपासून स्टार्टर दुप्पट फुगला की तो तयार झाला म्हणायचं. सावरडो पाव करणाऱ्या प्रत्येकाला सांगितली जाणारी ही परीक्षा गव्हाच्या स्टार्टरची आहे. ज्वारीचा किंवा तांदळाचा स्टार्टर तिच्यात बहुधा नापास होतो आणि उत्तम चाललेलं आंबवण बेसिनमध्ये ओतलं जातं.

गव्हातलं ग्लूटेन ताणलं जातं आणि यीस्टने सोडलेला वायू कोंडून धरतं. ज्वारीतही वायू तितक्याच उत्साहाने तयार होतो, पण त्याला धरून ठेवणारं काही नसतं. थोडा फुगवटा येतो आणि बसतो. म्हणून उंची मोजत बसू नये. वरचा थर भेगाळला आहे का, चमच्याने तो बाजूला सारल्यावर आत जाळी दिसते का, वास ताकासारखा आंबट आहे का, हे पाहावं.

सुरुवात सोपी आहे. ज्वारीचं पीठ ५० ग्रॅम, पाणी ५० ग्रॅम. वाटीने नको, वजनानेच घ्या. मिश्रण फार घट्ट वाटलं तर चमचाभर पाणी वाढवा. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर ते उकळून गार करून घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोरात बुडबुडे येतात आणि माणूस हुरळतो. हे काम बहुतेक वेळा यीस्टचं नसतं, ल्युकोनॉस्टॉकसारख्या जिवाणूंचं असतं. इडलीचं पीठही तेच फुगवतात. आंबटपणा वाढला की ते मागे हटतात, बरणी दोन-तीन दिवस थंडावते आणि बरेच जण इथेच हात टेकतात. त्याच दिवसांत आम्ल सोसणारे लॅक्टोबॅसिलस आणि रानटी यीस्ट आत जम बसवत असतात. खाणं चालू ठेवा. आठवडा-दहा दिवसांत लय सापडते.

खाणं म्हणजे काय? जुन्यातलं ५० ग्रॅम ठेवायचं, त्यात ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी घालायचं. स्टार्टर एकदा स्थिरावला की काढलेल्या भागाची मिरची-कोथिंबीर घालून धिरडी करा, फेकू नका. वेळापत्रक मात्र घड्याळावर नाही, हवेवर ठरतं. हिवाळ्यात दिवसातून एकदा पुरेल. एप्रिल-मेच्या उकाड्यात दोनदा घालूनही तो उपाशी राहतो. तेव्हा जुनं कमी घेऊन पीठ-पाणी दुप्पट करावं. वर करडं पाणी सुटणं, दारूसारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येणं ही भुकेची लक्षणं आहेत, मरणाची नव्हेत. पाणी ओतून टाका, खाऊ घाला. बुरशीची लव किंवा गुलाबी-नारिंगी छटा दिसली तर मात्र वरवर खरवडून वाचवायचा मोह नको, सगळंच टाका. रोज पाव करणार नसाल तर बरणी फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यातून एकदा खाणं द्या. भाजण्याआधी दोन-तीनदा बाहेर खाऊ घातलं की तो पुन्हा तरतरीत होतो.

पीठ कोणतं? ज्वारी सौम्य, नाचणी जोमदार. बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं, त्यामुळे स्टार्टरसाठी मी ते सुचवणार नाही. इथिओपियात इंजेरासाठी टेफचं पीठ आंबवतात आणि त्यावर जमणारं पिवळसर पाणी, एर्शो, पुढच्या घाण्याला राखून ठेवतात. सुदानमधला किसरा तर आंबवलेल्या ज्वारीचाच. हे दोन्ही पदार्थ तव्यावर पातळ पसरतात, त्यामुळे ग्लूटेनची उणीव त्यांना भासत नाही. उंच पाव हवा असेल तर पिठात इसबगोल घालावा लागतो. स्टार्टर आंबवतो, पावाला बांधून ठेवणं त्याचं काम नाही.

खरी अडचण असते गिरणीत. दिवसभर गहू दळणाऱ्या जात्यावर आपली ज्वारी पडली की पहिल्या पिठात कणीक येतेच. भारतीय नियमाप्रमाणे ग्लूटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. कणकेचा साधारण दहावा भाग ग्लूटेन धरला, तर किलोभर पिठात चिमूटभर कणीकही ही मर्यादा ओलांडू शकते. आवडीपुरता गहू टाळणाऱ्याला याने फरक पडत नाही. सीलिॲकच्या रुग्णाला पडतो. आंबवल्याने हे ग्लूटेन भरवशाने नाहीसं होत नाही. गव्हाचा जुना स्टार्टर ज्वारीवर ‘वळवून’ घेण्याचा सल्लाही त्याच्यासाठी नाही, आणि खपली हा गहूच आहे. त्याच्या घरात ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून फक्त तिच्यासाठी ठेवलेल्या घरघंटीवर दळावी. चाळण, चमचा, बरणी वेगळी असावी.

आणि सीलिॲकचा नुसता संशय असेल, तर पावाच्या आधी डॉक्टरांकडे जा. गहू बंद करून काही काळ गेला की रक्ततपासणीत आजार असूनही दिसेनासा होऊ शकतो, म्हणून तपासणी होईपर्यंत पोळी सोडू नका.