पाणी जातंय कुठं? आपल्या पिकअपच्या इंजिनची हकीकत



बंदी उठल्यावर पहिल्याच आठवड्यात संस्थेची पिकअप तीन वेळा रस्त्यात उभी राहिली, हे सगळ्यांना माहीत आहे. दोन खेपांचा माल उशिरा पोहोचला, बर्फ वितळला, भाव पडला. "इंजिन नवीन बांधलं म्हणता आणि गाडी तापते कशी?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. विचारणं बरोबरच होतं, पैसा सगळ्यांचा आहे. तेव्हा काय झालं ते सविस्तर सांगतो. ज्यांच्या घरी गाडी, ट्रॅक्टर किंवा नावेचं डिझेल इंजिन आहे त्यांना उपयोगी पडेल.

16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद, गाडी रिकामी, म्हणून त्याच काळात इंजिन खोललं. गाडी धूर मारत होती, ऑईल पीत होती. रिंगा, बेअरिंग नवीन टाकले, हेड लेथवर फेस करून आणलं, हेड गॅस्केट नवीन, ब्लॉक औषधात धुऊन आतला सगळा गंज-क्षार काढला. काम चांगलं झालं. आवाज असा की उभ्या गाडीत इंजिन चालू आहे का बंद ते हात लावून पाहावं लागे.

पहिली खेप खंडव्याची होती. असीरगडचा चढ लागला आणि काटा वर. गाडी बाजूला घेतली, तासभर थांबलो, पाणी ओतलं. दोन लिटरच्या वर बसलं. मागे रोहू-कटल्याचे क्रेट आणि वर ऊन-पाऊस दोन्ही. त्या तासाभरात जीवाची काय घालमेल झाली ते विचारू नका.

पहिल्यांदा आम्हाला वाटलं, हवा असेल. इंजिन बांधल्यावर पहिल्यांदा पाणी भरलं की आत हवेचे फुगे अडकतात. गाडी चालते तसे ते बाहेर येतात आणि पाणी खाली बसतं. एक-दोनदा असं होणं साधं आहे. पण चौथ्या, पाचव्या दिवशीही पाणी कमीच होत होतं. म्हणजे ते कुठंतरी जात होतं.

इथं आमचीच एक चूक सांगतो. मेस्तरी म्हणाले होते की पहिले काही दिवस साध्या पाण्यावर चालवा, आत राहिलेली घाण निघेल, मग कुलंट भरू. आम्ही विहिरीचं पाणी भरलं. आता ऑगस्टच्या पावसात गाडीखालचं ओलं हे ढगाचं का इंजिनचं, कसं ओळखणार? पाण्याला ना रंग ना वास. हिरवं कुलंट असतं तर दुसऱ्याच दिवशी डाग दिसला असता. आणि आपल्याकडचं पाणी म्हणजे क्षाराचं. ज्यांनी बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आत उतरून पाहिला असेल, त्यांना 1615 साली रहीम खानखानाच्या काळात बांधलेल्या त्या भुयारी पाणीपुरवठ्याच्या भिंतींवर चुन्याचे थर जमलेले आठवतील. तेच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. त्याची एक गंमतही आहे. जुन्या इंजिनात हाच थर एखादं सुईएवढं भोक बुजवून बसलेला असतो. ब्लॉक धुतला की थर गेला, भोक उघडं. म्हणून इंजिन बांधल्यावर नवीनच गळती निघते आणि माणूस मेस्तरीला शिव्या देतो.

गावात आल्यावर ज्याने त्याने एकच निदान केलं: हेड गॅस्केट गेलं, हेड पुन्हा खोला. गळतीचा ओला डाग इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्स जिथं जोडतो तिथं होता, त्यामुळे तसंच वाटत होतं. हेड खोलायचं म्हणजे नवीन गॅस्केट, पुन्हा मजुरी आणि गाडी चार दिवस उभी. ऐन हंगामात चार दिवस म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आम्ही ठरवलं, आधी पक्कं कळल्याशिवाय हेडला पाना लावायचा नाही.

गॅस्केट आतून फुटलं तर खुणा ठरलेल्या आहेत. पाणी ऑईलमध्ये गेलं तर डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखा रंग येतो. सिलिंडरमध्ये गेलं तर गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ सुटत राहते. सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरला तर रेडिएटरमध्ये बुडबुडे येत राहतात. ऑईल स्वच्छ होतं, वाफ नव्हती. गॅस ओळखायचं एक निळं औषध मिळतं. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढायची, गॅस असला तर ते पिवळं होतं. आमचं निळंच राहिलं. अर्धा जीव खाली पडला.

मग स्वस्तातलं आधी म्हणून रेडिएटरचं झाकण बदललं. झाकण म्हणजे नुसतं बुच नव्हे. त्यातली स्प्रिंग आत दाब धरून ठेवते, आणि दाबाखाली पाणी शंभर अंशाला उकळत नाही, त्याच्या बरंच वर जातं. स्प्रिंग ढिली पडली की पाणी लवकर उकळून बाटलीत आणि बाटलीतून रस्त्यावर. (म्हणूनच गरम गाडीचं झाकण उघडू नका. आमच्यातल्या एकाच्या मनगटावर अजून डाग आहे.) झाकण बदलून फरक पडला नाही.

शेवटी हातपंपाचा प्रेशर टेस्टर आणला. रेडिएटर हिरव्या कुलंटने भरला, इंजिन थंड ठेवलं, टेस्टर तोंडावर बसवला आणि झाकणावर लिहिलेला 0.9 दाब पंपाने भरला. मग नुसतं काट्याकडे बघत बसलो. अर्ध्या तासात काटा 0.7 वर आला. गळती आहे, इंजिन बंद असतानाही आहे, पण खाली थेंब नाही! बॅटरी घेतली, आरसा घेतला, सगळे पाइप आणि क्लिपा हाताने चाचपल्या. कोरड्या.

तेव्हा आमच्यातल्या एकाच्या घरातून अंगाला लावायच्या पावडरचा डबा आला. इंजिन पुसून कोरडं केलं, सगळीकडे पावडर फुंकली, पुन्हा दाब भरला. वीसेक मिनिटांत पांढऱ्यावर एक ओली रेघ उमटली. रेघ मागच्या बाजूला नव्हतीच. ती सुरू होत होती पुढून, वॉटर बॉडीच्या वरच्या एका बोल्टखालून. तिथून ब्लॉकच्या कंगोऱ्यावरून सरपटत मागे जाऊन ती गिअरबॉक्सपाशी पोहोचत होती. अशा गाडीत इंजिन मागे थोडं कललेलं बसवतात, वरून पुढून वारा, म्हणून पाणी मागे पळतं. शिवाय गरम ब्लॉकवर बरंचसं वाटेतच वाळून जात होतं, म्हणून थेंब दिसत नव्हता.

तो बोल्ट आरपार होता. त्याचं भोक आत थेट पाण्याच्या पोकळीत उघडतं, म्हणून त्याच्या आट्यांना सीलंट लावूनच तो बसवावा लागतो. शेजारचे बोल्ट बंद भोकाचे आहेत, त्यांना लागत नाही. घाईत हा एक कोरडाच बसला होता. कोण चुकलं ते शोधत बसलो नाही. इंजिन बांधताना शेकडो बोल्ट बसतात. बोल्ट काढला, आटे घासून सुकवले, सीलंट लावला, ठरलेल्या ताकदीने आवळला, रात्रभर तसाच ठेवला. सकाळी पुन्हा दाब. तास झाला तरी काटा हलला नाही. सीलंटची एक ट्यूब, एवढाच काय तो सामानाचा खर्च.

नाववाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. नावेचं इंजिन बरेचदा नदीचंच पाणी ओढून बाहेर टाकतं, तिथं पातळी कमी होण्याचा प्रश्नच नाही. तिथं बाहेर पडणारी धार बघायची. धार बारीक झाली की आधी इंजिन बंद करून पाणी ओढायच्या जाळीत गाळ-शेवाळ अडकलंय का पाहा.

काढलेलं जुनं कुलंट मात्र तापीत किंवा तळ्यात ओतू नका. चवीला गोड पण विषारी असतं, कुत्रं चाटून मरतं. आणि पाण्यात गेलं की कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं, तोच आपल्या माशाला लागतो. आम्ही डब्यात भरून गॅरेजला परत दिलं.

त्यानंतर गाडी खंडव्याला सहा वेळा जाऊन आली, असीरगडावर काटा मधोमध. बाटलीतलं पाणी दर सोमवारी सकाळी थंड इंजिनावर पाहतो. प्रेशर टेस्टर संस्थेच्या कपाटात आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी वहीत नाव लिहून न्यावा आणि दोन दिवसांत आणून द्यावा. पावडर मात्र आपापल्या घरून आणावी.