पहिलं पिस्तूल घ्यायचंय? थांबा, जरा बोलू

तुमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर हा विषय अजून निघाला नसेल तर नवलच. कुणाच्या तरी मोबाईलवर रील सुरू असतं. जाड नळीचं रिव्हॉल्व्हर, टेबलावर सांडलेली काडतुसं, मागे डीजेचा ठेका. मग एकजण म्हणतो, "नोकरी लागली ना, की पहिली एक मोठी गन घ्यायची. घरालाही होते अन् रानातही." दुसरा .४४ मॅग्नमचं नाव घेतो, तिसरा नाइन एमएमचं. चहा संपेपर्यंत बोअर, मॅगझिन, रेंज सगळं होतं. परवान्याचं नाव मात्र कुणी काढत नाही.

हा विषय हसण्यावारी नेऊ नका. रीलची हौस बाजूला काढली तरी खाली भीती उरतेच, आणि ती खोटी नाही. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं आपलं जळकोट घ्या, नाहीतर आतल्या वाड्या-वस्त्या घ्या. शेतीपंपाची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात वडील, चुलते मध्यरात्री बॅटरी घेऊन दारं धरायला जातात. आखाड्यावर दोघंच म्हातारी माणसं झोपतात. रानडुक्कर तर रोजचंच झालंय. त्यात डिसेंबर २०२४ मध्ये जिल्ह्याच्या दुसऱ्या बाजूला, येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात चक्क वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला. त्याला पकडायला वनखात्याची पथकं फिरली, पण तो हाती लागला नाही. तेव्हापासून रात्री रानात जाताना मागे वळून बघायची सवय बऱ्याच जणांना लागलीय. मुलगा शिकायला सोलापुरात आणि बाप एकटा उसात, असं असेल तर "एखादं हत्यार असावं" हे मनात येणारच.

तर मग सरळ विचारू. पहिली, मोठ्या बोअरची हँडगन घ्यायची झाली तर कोणती?

गंमत अशी की ही निवड तुमच्या आधीच कायद्याने करून ठेवलीय. शस्त्र कायदा १९५९चा, त्याखालचे नियम २०१६चे. .३८० आणि .४५५ची सरकारी काडतुसं किंवा सैन्य-पोलिसांचं ९ मिमी काडतूस ज्यात बसतं, ती पिस्तुलं-रिव्हॉल्व्हर 'निषिद्ध बोअर'मध्ये मोडतात. त्यांचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, तो विषय थेट केंद्र सरकारचा. म्हणजे कट्ट्यावरचं नाइन एमएम तिथंच बाद. राहिलं मॅग्नम. परदेशी हत्यारं सामान्य माणसाने आयात करायचा रस्ता १९८०च्या दशकातच बंद झाला. जी जुनी विलायती रिव्हॉल्व्हर आज देशात आहेत ती या हातातून त्या हातात फिरतात, आणि त्यांची किंमत ऐकून तुम्ही ट्रॅक्टर घ्याल.

उरतं काय? .३२. इंचाचे बत्तीस शतांश, म्हणजे साधारण आठ मिलिमीटर. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं हेच. 'अशनी' पिस्तूलही .३२. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून गाजावाजा करून आणलेलं 'निर्भीक' तेच. वजन साधारण अर्धा किलो आणि किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात, त्यामुळे कुठल्या महिलांसाठी, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. २०२३ मध्ये आलेलं 'प्रबल' तेच. आता खासगी कंपन्याही बनवतात, पण बोअर बहुतेक तेच.

त्यातल्या त्यात निवड आहे ती रिव्हॉल्व्हर की पिस्तूल एवढीच. रिव्हॉल्व्हर साधं. चक्रात सहा गोळ्या, एखादी फुसकी निघाली तर पुन्हा खटका दाबायचा, पुढची समोर येते. पिस्तुलात गोळ्या थोड्या जास्त बसतात, बारीक असल्यामुळे कपड्यात दिसत नाही, पण काडतूस अडकलं तर ते मोकळं करायला सरावाचा हात लागतो. अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत, वर्षातून एकदा खंडेनवमीला पूजेपुरतं बाहेर काढलेलं हत्यार अडकलं तर काय, याचा विचार करून नवख्याने रिव्हॉल्व्हरच घ्यावं, असं माझं मत. नळी फार आखूड नको आणि मूठ हाताच्या मापाची हवी. बाकी रंग, कोरीवकाम हे सगळं रीलसाठी.

आता रानाचं बघू. .३२ची ताकद .४४ मॅग्नमच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढी. शंभर किलोच्या रानडुकराला त्याने थांबवता येईल, या भरवशावर राहू नका. ते जखमी होईल आणि जखमी डुक्कर काय करतं ते गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. बिबट्याची गोष्ट आणखी वेगळी. तो समोर उभा राहून डरकाळी फोडत नाही. अंधारातून, बहुतेक वेळा मागून येतो, आणि वाकलेल्या किंवा उकिडवं बसलेल्या माणसाला तो भक्ष्य समजण्याची शक्यता जास्त. कमरेचं काढून रोखायला तुमच्याकडे वेळ असणार आहे का?

"पण अमेरिकेत तर अस्वलासाठी मॅग्नम ठेवतात," असं कुणी म्हणेलच. ठेवतात, खरंय. पण तिथल्याच टॉम स्मिथ या संशोधकाने सहकाऱ्यांबरोबर अलास्कातल्या १८८३ ते २००९ या काळातल्या, माणसाकडे बंदूक असतानाच्या २६९ घटना तपासल्या. निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आला. ज्यांनी बंदूक वापरली आणि ज्यांनी जवळ असून वापरली नाही, त्यांच्या जखमी होण्यात लक्षणीय फरक नव्हता. त्याच गटाच्या आधीच्या अभ्यासात मिरचीच्या अर्काचा फवारा मात्र दहापैकी नऊ वेळा कामी आलेला दिसला. ही गोष्ट अस्वलांची, बिबट्याची नाही. तरी मॅग्नमवाल्यांच्या देशातला निकाल असा असेल, तर आपल्या .३२चं काय घेऊन बसलात!

आणि कायद्याचा फास वेगळाच. बिबट्या, वाघ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. शिकार झाली तर तीन ते सात वर्षं. खरोखर जीव वाचवताना प्राणी मेला तर कलम ११(२) तुम्हाला वाचवतं, पण पंचनामा, चौकशी चुकत नाही. रानडुक्कर, रोही पिकात शिरतात म्हणून मारायचे तरी वनखात्याची परवानगी आधी हवी. पिकाच्या राखणीसाठी कायद्यात हत्याराचा उल्लेख आहे, नाही असं नाही. पण ते हत्यार कुठलं? ठासणीची बंदूक! आणि संरक्षणासाठी वीस इंचांहून कमी नाही अशा नळीची साधी बंदूक, म्हणजे बारा बोअर. अशा बंदुकीचा परवाना मिळणं कायद्याने तुलनेनं सोपं ठेवलंय. ज्यांच्या आजोबांच्या भिंतीवर दुनळी टांगलेली असायची, त्यांना हे कळेल. कमरेला लावून फिरायचं हत्यार शेतकऱ्यासाठी आहे, असं त्या कायद्याला कधी वाटलेलंच नाही.

घराचं काय मग? चोर घरात शिरला तर? १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, पण स्वसंरक्षणाचा हक्क तसाच आहे, कलम ३४ ते ४४. रात्री घर फोडून शिरणाऱ्याविरुद्ध तुम्हाला बऱ्यापैकी सूट मिळते. मात्र गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. दागिने टाकून पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर तो हक्क तिथं संपलेला असतो, आणि केस तुमच्यावर उभी राहते. दुसरी अडचण तर घरातच आहे. हत्यार मुलांच्या हाती लागणार नाही असं कुलपात ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकाची. गोळ्या काढून, कुलूप लावून ठेवलं तर रात्री दोनला किल्ली शोधत बसाल. भरून उशाला ठेवलं तर घरात पाच वर्षांचा भाचा आहे. या दोन्हींच्या मधली सोयीची जागा दोन खोल्यांच्या घरात मला तरी दिसत नाही.

तरीही ज्यांना खरंच गरज आहे, रोख रकमेचा धंदा आहे, धमक्या आल्यात, त्यांनी अर्ज जरूर करावा. वय २१ पूर्ण हवं, म्हणजे कट्ट्यावरचे निम्मे इथेच गळाले. अर्ज ऑनलाइन भरून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. हाताळणीचं प्रशिक्षण झाल्याचा दाखला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, मग पोलीस ठाण्याचा अहवाल. "हत्यार कशासाठी?" या रकान्यात भीती वाटते एवढं लिहून भागत नाही, तुमच्या जिवाला किंवा मालमत्तेला खरी गरज का आहे ते दाखवावं लागतं. नकार मिळाला तर विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. मिळालाच तर २०१९च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा, आणि एका माणसाकडे दोनच हत्यारं. निवडणूक लागली की हत्यार जमा करायची नोटीस येऊ शकते. वरातीत हवेत बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

परवाने सढळ हाताने वाटले की काय होतं, ते शेजारच्या बीडने दाखवलं. मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर, डिसेंबर २०२४ मध्ये, तिथल्या परवान्यांचा आकडा बाहेर आला तो बाराशेच्या वर. परभणीचा त्याच वेळी सांगितला गेलेला आकडा बत्तीस. त्यानंतर बीडच्या प्रशासनाला शंभराहून अधिक परवाने रद्द करावे लागले. बाराशे हत्यारांनी बीड सुरक्षित झालं का, याचं उत्तर त्या महिन्यात सगळा महाराष्ट्र टीव्हीवर बघत होता.

आणि ज्यांना एवढा कागदोपत्री व्याप नको, ते दुसऱ्या 'कट्ट्या'कडे वळतात. गावठी. विनापरवाना हत्यार जवळ सापडलं तर किमान दोन वर्षं, कमाल पाच. ते निषिद्ध बोअरचं निघालं तर किमान सात. फुटक्या पाइपाचं ते हत्यार कधी समोरच्याऐवजी धरणाऱ्याचाच पंजा उडवतं. त्याच्यासोबत काढलेला एक स्टेटस फोटो पोलिसांना पुरतो. पुढे पोलीस भरती, सैन्य भरती, पासपोर्ट, सगळीकडे ती केस तुमच्याआधी पोचलेली असते. आपल्याकडे भरतीसाठी पहाटे चारला उठून पळणारी किती पोरं आहेत ते महामार्गाच्या कडेला बघा, म्हणजे याची किंमत कळेल.

जळकोटला मोठ्या बोअरची हत्यारं नवीन नाहीत म्हणा. १३ सप्टेंबर १९४८ला सकाळी नऊच्या सुमारास नळदुर्गचा बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेऊन भारतीय सैन्याचे रणगाडे जळकोटात शिरले आणि दुपारी उमरग्यात पोचले. रझाकारांच्या काळात घरात हत्यार नसणं म्हणजे काय, हे आपल्या पणज्यांनी भोगलंय. त्यांच्या भीतीपुढे आपली भीती लहान, पण आहे ती आहे.

मग रात्री रानात जाणाऱ्या बापाला काय सांगाल? एकटं जाऊ नका. मोबाईलवर मोठ्याने गाणं लावा, हरिपाठ लावला तरी चालेल, आवाजाने बिबट्या वाट सोडतो. लांब झोताची बॅटरी, हातात घुंगरांची काठी. उसाच्या कडेला वाकून, बसून काम करायचं असेल तर दुसऱ्याने उभं राहून बघावं. जनावर दिसलं तर वनखात्याचा १९२६ नंबर, माणसाचं संकट असेल तर ११२. हे दोन्ही नंबर आज घरी गेल्यावर त्यांच्या साध्या फोनमध्ये तुम्हीच टाकून द्या, कारण ते टाकणार नाहीत.

नेमबाजीचीच हौस असेल तर तिचा रस्ता वेगळा आहे आणि चांगला आहे. एनसीसीत .२२ची रायफल हाती मिळते. एअर पिस्तूल ठरावीक ताकदीच्या आतलं असेल तर परवान्याची गरज नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिकचं कांस्य घेऊन आला, तेही .२२वरच. बोअर लहान होतं, कुणाला दिसलंही नाही.

आणि एक काम बाकी राहतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला, तो शेतीला दिवसा लाईट मिळावी म्हणूनच. आपल्या गावचा फीडर त्यात आहे का, असेल तर काम कुठवर आलंय, हे पुढच्या ग्रामसभेत उठून विचारा. अठरा पूर्ण झाली आणि मतदार यादीत नाव असलं की ग्रामसभेत बसता येतं, त्याला परवाना लागत नाही.