म्हशीआधी जेवणारे

पुण्या-साताऱ्याकडे जिला पेंड म्हणतात, तिला नागपुरात ढेप म्हणतात. सरकीची ढेप, जवसाची ढेप. कोठ्यात तुरीचे कुटार, भंडाऱ्याच्या बाजूला धानाचे तणस आणि त्यावर पाटीभर ढेप असा विदर्भातल्या जनावरांचा सरळसाधा बेत. मात्र ही पाटी ज्या नागपुरी म्हशीपुढे किंवा गवळाऊ गाईपुढे सरकवली जाते, ती जेवते दुसऱ्या पंगतीला. पहिली पंगत तिच्या कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांची.

कोठीपोट म्हणजे शंभरेक लिटरची आंबवण्याची टाकी. आत सुमारे ३९ अंश तापमान आणि प्राणवायू जवळजवळ नाहीच. इथल्या आदिजीवांचे पहिले वर्णन १८४३ मध्ये ग्रुबी आणि डेलाफोंड यांनी केले. जिवाणू, आदिजीव आणि बुरशी मिळून चारा आंबवतात आणि त्यातून तीन प्रमुख आम्ले निघतात. ॲसिटिक आम्लातून कासेत दुधाची चरबी घडते. प्रोपिऑनिक आम्लाचे यकृतात ग्लुकोज होते. तिसरे ब्युटिरिक आम्ल. लोण्याच्या खवट वासाला तेच कारणीभूत असते. या खटाटोपात उरलेला हायड्रोजन मिथेन करणारे जीव उचलतात आणि जनावर तो मिथेन ढेकरांवाटे सोडून देते. शेतकऱ्याने दाम मोजलेल्या खाद्यातली २ ते १२ टक्के ऊर्जा अशी हवेत जाते.

आता जवस. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात या पिकावर जुने संशोधन आहे. एनएल-९७ आणि एनएल-२६० या वाणांच्या नावातले ‘एनएल’ म्हणजे नागपूर आणि लिनसीड. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३ असते. मग म्हशीला जवस चारले की ओमेगा-३ दुधात उतरेल, हा हिशेब कोणीही मांडेल. तो फसतो कोठीपोटात. असंतृप्त तेल तिथल्या कित्येक जिवाणूंना विषासारखे असते. ते त्याला हायड्रोजन जोडून स्टिअरिक आम्लाकडे नेतात आणि निरुपद्रवी करून टाकतात. लिनोलेनिक आम्लाचा बहुतेक हिस्सा असा वाटेतच संपतो. पण हे काम अर्धवट राहते तेव्हा गंमत होते. मधल्या टप्प्यावरचे व्हॅक्सेनिक आम्ल निसटून कासेत पोचते आणि तिथे त्याचे रुमेनिक आम्ल होते. ‘संयुग्मित लिनोलेइक आम्ल’ म्हणून ज्याचा गवगवा झाला ते हेच. ते रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दूध-तुपात आणि मांसात प्रामुख्याने सापडते.

म्हणून खरा प्रश्न जनावराला काय चारावे हा नाही. जिवाणूंच्या हाताला थोडी ढिलाई कशी आणावी, हा आहे. इथे वनस्पती उपयोगी पडतात. बाभळीच्या शेंगा आणि हिरड्यातले टॅनिन प्रथिनांना धरून ठेवते, काही जिवाणूंनाही आवर घालते. रिठा आणि शिकेकाईतले सॅपोनिन आदिजीवांच्या पेशीआवरणातल्या स्टेरॉलला चिकटून त्यांना फोडते. लसूण, ओवा, लवंग यांची तेले जिवाणूंच्या आवरणावर घाव घालतात. नागपूरच्या संत्र्याच्या सालीतले लिमोनीनही याच जातकुळीतले. फ्लोरिडा आणि ब्राझीलमध्ये लिंबूवर्गीय फळांचा चोथा सुकवून गुरांना देण्याची रीत जुनी आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यावर बंदी घातली आणि या मसाल्याच्या डब्याकडे जगभरच्या प्रयोगशाळांचे लक्ष वळले.

प्रयोग दिसायला साधा असतो. जनावराच्या कोठीपोटातला रस गाळून काचेच्या पिचकारीत चाऱ्याच्या भुकटीबरोबर घ्यायचा, ३९ अंशांवर २४ तास ठेवायचा आणि निघालेल्या वायूने दट्ट्या किती वर सरकला ते पाहायचे. या काचेत ओवाही जिंकतो, लसूणही. खऱ्या जनावरात मात्र काही आठवड्यांत जिवाणू नव्या तेलाला सरावतात आणि परिणाम ओसरतो. त्यामुळे केवळ पिचकारीतल्या आकड्यांवर पोते विकणाऱ्याशी जरा जपूनच वागलेले बरे. भारतात बाजारापर्यंत पोचलेले ठोस उदाहरण बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्थेचे. टॅनिनयुक्त वनस्पतींपासून तिने ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य तयार केले आणि त्याने मिथेन १७ ते २० टक्क्यांनी घटतो असे सांगितले.

प्रमाण चुकले की याच वनस्पती उलटतात. टॅनिन जास्त झाले तर चारा पचत नाही. शुष्क खाद्यात एकूण चरबी ६-७ टक्क्यांपुढे गेली तर तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात. तेल जास्त आणि वैरण कमी अशी गाठ पडली तर कोठीपोटात रुमेनिक आम्लाचे एक भावंड तयार होते आणि ते कासेतली चरबी घडण्याचे कामच दाबून टाकते. कच्चे जवस भरडून कोमट पाण्यात भिजत ठेवणे तर धोक्याचेच, कारण त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. जवस उकळत्या पाण्यात शिजवून घ्यावे.

सगळे साधले तरी भाव कोण देणार? फ्रान्समध्ये २००० साली ‘ब्लू-ब्लाँ-कर’ ही संघटना उभी राहिली. जनावरांना जवसासारखा आहार देऊन काढलेल्या दुधाला, अंड्याला, मांसाला तिचे बोधचिन्ह मिळते आणि ग्राहक ते ओळखून घेतो. आपल्याकडे दुधाचा दर ठरतो फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे स्निग्धांश आणि त्याखेरीजच्या घन घटकांवर. जवस-टॅनिनाच्या नेमक्या मेळाने म्हशीच्या दुधातली स्निग्धाम्ले सुधारली, पण फॅट सहावरून साडेपाचवर आले, तर उत्पादकाच्या पदरी कमी पैसे पडतात. संकलन केंद्रावरच्या पावतीत फॅट किती तेवढे छापून येते. ते कोणत्या आम्लांचे बनले आहे, यासाठी तिच्यावर रकाना नाही.