लपवून रोग बरा होत नाही!

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. आमच्या विंगमधल्या एकाला लघवीला जळजळ व्हायला लागली. सांगणार कुणाला? आठवडाभर नुसतं पाणी पिऊन पाहिलं, मग मेडिकलमधून कसल्यातरी गोळ्या आणल्या. तीन दिवसांत बरं वाटलं, गोळ्या बंद! पंधरा दिवसांनी दुखणं परत, आधीपेक्षा जास्त. शेवटी डॉक्टरांकडे गेला तेव्हा कळलं, परमा. एका कोर्समध्ये बरा झाला. महिना मात्र भीतीत गेला.

हा अबोला जुनाच आहे. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, गुप्तरोगांवर उघड लिहिलं. त्यापायी नोकरी गेली, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. तरी १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. आपण अजून कुजबुजतोच!

परमा, गरमी, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास हे चारही रोग औषधाने पूर्ण बरे होतात. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात रोज दहा लाखांवर लोकांना यांची नवी लागण होते. कारण बऱ्याचदा लक्षणंच नसतात. गर्डरच्या आतली चीर रंगावरून दिसते का? तसंच हे. मुलींमध्ये तर रोग आतल्या आत वाढून पुढे वंध्यत्वही येऊ शकतं. एचआयव्ही पूर्ण बरा होत नाही, पण रोजच्या गोळ्यांनी ताब्यात राहतो. मेसचं ताट, बाथरूम किंवा हस्तांदोलनातून तो पसरत नाही.

मग करायचं काय?

१) मनाची तयारी नसेल तर सरळ 'नाही' म्हणा. समोरच्याचं 'नाही'ही ऐका.

२) संबंध आलाच तर दरवेळी कंडोम. तारीख पाहा, पाकिटात महिनोन्‌महिने ठेवू नका, तेल किंवा व्हॅसलिन लावू नका, रबर फाटतं.

३) हेपॅटायटिस बी आणि एचपीव्हीची लस घ्या. एचपीव्हीची लस मुलांसाठीही आहे.

४) उपचार दोघांनी एकदम घ्यायचे, आणि कोर्स पूर्ण करायचा.

५) एचआयव्हीचा धोका वाटला तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठा. प्रतिबंधक गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं. लगेच केलेली टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त राहू नका, डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा करा.

सरकारी आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते. २०१७ च्या कायद्याप्रमाणे संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. लाज वाटत असेल तर १०९७ या मोफत नंबरवर नाव न सांगता विचारा.

रेक्टर सरांना आणि मॅडमना एकच विनंती. कुणी असं काही सांगायला आलं तर आधी 'कुठे गेला होतास?' असं विचारू नका. 'चल, डॉक्टरांकडे जाऊ' एवढंच म्हणा. निम्मा आजार तिथेच बरा होईल!